निर्णय फिरला, आता धावपटूला कुठे उभं करायचं?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २०२६च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला, म्हणजे फलंदाजाकडे टाकलेला चेंडू स्ट्राइक झोनमधून (ठरलेल्या चौकटीतून) गेला की नाही या निर्णयाला, आव्हान देण्याची सोय केली. कॅमेरे चेंडूचा मार्ग टिपतात, संगणक तो स्ट्राइक झोनशी ताडून पाहतो आणि उत्तर लगेच पडद्यावर येतं. तेव्हापासून ‘आता यंत्रच पंच, वाद संपले’ असा सूर लागला आहे. मला तो अजिबात पटत नाही. चेंडू कुठून गेला हे मोजणं तुलनेने सोपं आहे. खरी अडचण वेगळीच: खेळ चालू असताना दिलेला निर्णय मागाहून चुकीचा ठरला, तर त्यावर विसंबून मैदानावर जे घडून गेलं त्याचं काय करायचं?

कारण पंचाचा निर्णय ही नुसती नोंद नसते, खेळाडूंसाठी ती माहिती असते. ‘आउट’ची खूण दिसली की धावपटू मागे वळतो आणि क्षेत्ररक्षक फेकायचा थांबतो. निकाल जाहीर होताच प्रयोगच बदलतो, असा हा प्रकार आहे.

क्रिकेटने हा गुंता एका घावात तोडला. पंचाने बाद दिलं की चेंडू तिथेच मृत होतो. रिव्ह्यूमध्ये फलंदाज नाबाद ठरला तरी त्यानंतर पळून काढलेल्या धावा मिळत नाहीत. बेसबॉलने अवघड वाट धरली. नियम ८.०२(क) पंचांना सांगतो की, पहिल्या निर्णयाचे सगळे परिणाम पुसून टाका आणि अंतिम निर्णय आधीच दिला असता तर धावपटू जिथे पोचले असते, तिथे त्यांना उभं करा. पहिल्या निर्णयामुळे कोणाचा बेस, म्हणजे धावपटूने पाय टेकायचा टप्पा, चुकला असेल, तर तेही सोडून देता येतं. पंचांच्या या अंदाजावर हुज्जत घालणाऱ्याला मैदानाबाहेर काढता येतं. ‘झालं असतं तर’ या वाक्याला इतका अधिकार देणारा नियम खेळांमध्ये विरळाच.

हे प्रत्यक्षात कसं ठरवायचं, ते आकड्यांत पाहू. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. मेजर लीगमधला सरासरी खेळाडू पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे २७ फूट, म्हणजे ८.२ मीटर पळतो. समजा, एक खेळाडू बाद आहे आणि धावपटू दुसऱ्या बेसवर आहे. फटका सपाट जातो, आउटफिल्डर (लांबचा क्षेत्ररक्षक) सूर मारतो आणि पंच झेल देतो. झेल असेल तर धावपटूला मूळ बेसला पुन्हा टेकावं लागतं, म्हणून आठेक मीटर पुढे येऊन घुटमळत असलेला आपला धावपटू परत जातो. रिव्ह्यूमध्ये दिसतं की चेंडू आधी जमिनीला लागला होता. झेल रद्द, फलंदाज पहिल्या बेसवर. पण दुसऱ्या बेसवरचा धावपटू तिसऱ्यावर न्यायचा की होम प्लेटवर, म्हणजे जिथे पोचलं की धाव मिळते तिथे?

होम प्लेट त्याच्यापासून सुमारे ४७ मीटर. पूर्ण वेगाने ५.७ सेकंद, खूण पाहून पाय हलायला ०.२ सेकंद, वेग पकडण्यात आणि तिसऱ्या बेसला वळण घेण्यात आणखी सेकंदभर. म्हणजे ७ सेकंदांच्या आसपास. आता क्षेत्ररक्षक. उठून फेकायला समजा २ सेकंद. त्याने ७० मीटरवरून ताशी ९० मैलांनी, म्हणजे सेकंदाला ४० मीटरने फेकलं, तरी हवेच्या रोधामुळे सरासरी वेग कमी पडतो आणि चेंडूला सव्वादोन सेकंद लागतील. एकूण सव्वाचार. धावपटू घरी पोचला नसता; तिसऱ्या बेसच्या कोचने त्याला तिथेच थोपवलं असतं. उत्तर: तिसरा बेस.

पण ते २ सेकंद आले कुठून? चित्रफितीतून नव्हे. चित्रफितीत तो क्षेत्ररक्षक सावकाश उठतो, हातमोजा वर करून चेंडू दाखवतो. झेल मिळाल्याचं त्याला कळलेलं असतं, मग घाई कशाला? धावपटूही मागेच जाताना दिसतो. चुकीच्या खुणेनंतरची प्रत्येक फ्रेम त्या खुणेच्या प्रभावाखाली आहे. कॅमेरे आणखी दहा लावा, सेकंदाला हजार फ्रेम घ्या. जे घडलं ते अधिक स्पष्ट दिसेल, जे घडलं असतं ते दिसणार नाही. त्यासाठी माणसाला मनात एक गणिती प्रतिमान चालवावं लागतं आणि त्याला लागणारा विश्वासार्ह पुरावा फक्त खुणेच्या आधीच्या क्षणांत असतो.

म्हणूनच बाद किती, याला इथे फार महत्त्व येतं. दोन बाद असते, तर धावपटू फटका बसताच पळत सुटला असता, कारण झेल पकडला गेला तर इनिंगच संपते, परतायचा प्रश्न नसतो. चेंडू हवेत ३ सेकंद असेल तर खूण होईपर्यंत धावपटू तिसऱ्या बेसच्या जवळ असतो. अंदाज करायचा भाग लहान होतो. तोच फटका, तोच चुकलेला झेल, पण उत्तर होम प्लेट असू शकतं.

फेअर (मैदानाच्या रेषांच्या आतला चेंडू) आणि फाउल (रेषांबाहेरचा) यांच्या चुकाही सारख्या नसतात. फेअर दिलेला चेंडू फाउल ठरला तर सगळे आपापल्या जागी परत, विषय संपला. उलट, पंच ‘फाउल’ ओरडला की खेळ तिथेच थांबतो. नंतर तो फेअर ठरला तर पुढचं सगळं कल्पनेने रचावं लागतं. २०१४मध्ये रिव्ह्यूची व्याप्ती वाढवली तेव्हा या निर्णयांना मर्यादाही घातली: पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या पंचांच्या जागेपलीकडे पडलेल्या चेंडूंचाच फेअर-फाउल तपासता येतो. जवळ पडलेल्या चेंडूवर पुढच्या शक्यता इतक्या फुटतात की अंदाजाला आधारच राहत नाही. ही मर्यादा मला अत्यंत शहाणपणाची वाटते.

सर्वांत किचकट गाठ सक्तीच्या बेसची: फलंदाज पहिल्या बेसकडे पळाला की तिथल्या धावपटूला पुढे जावंच लागतं, आणि त्याला बाद करायला पुढच्या बेसला पाय लावला तरी पुरतं. धावपटू पहिल्या बेसवर, चेंडू पहिल्या बेसमनकडे; तो बेसला पाय लावतो, पंच फलंदाजाला बाद देतो आणि चेंडू दुसऱ्या बेसवर जातो. फलंदाज बाद म्हणजे धावपटूवरची सक्ती उठली, म्हणून शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) आता त्याच्या अंगाला चेंडू लावावा लागतो. त्यात क्षण जातो आणि धावपटू वाचतो. मग कळतं, बेसमनचा पाय बेसवर नव्हताच. म्हणजे फलंदाज सेफ (नाबाद), सक्ती कायम, आणि शॉर्टस्टॉपने नुसता बेसला पाय लावला असता तरी धावपटू बाद होता. एका चुकीने दुसऱ्या माणसासाठी नियमच बदलला होता.

चुकलेल्या निर्णयाला नशीब किंवा शाप चिकटवणाऱ्यांनी १९८५च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना बारकाईने पाहावा. सेंट लुइस कार्डिनल्स १-०ने पुढे, नववी इनिंग. कॅन्सस सिटी रॉयल्सच्या होर्हे ओर्टाला पंच डॉन डेंकिंजर यांनी पहिल्या बेसवर चुकून सेफ दिलं. तेव्हा रिव्ह्यू नव्हता. रॉयल्स २-१ने जिंकले, दुसऱ्या दिवशी ११-०ने मालिकाही. ‘त्या एका निर्णयाने विजेतेपद गेलं’ असं अजून म्हटलं जातं. पण ओर्टा पुढे तिसऱ्या बेसवर बाद झाला. दोन्ही धावा इतरांनी काढल्या. मधे एक सुटलेला झेल होता, कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू पकडणाऱ्याच्या) हातून निसटलेला चेंडू होता. एक बाद वाढला असता तर पुढचा प्रत्येक डावपेच बदलला असता, इतकंच खात्रीने म्हणता येतं. कोण जिंकलं असतं, हे नाही.

आणि मजा म्हणजे हाच ८.०२(क) एका ठिकाणी खेळाडूंना काहीच भरपाई देत नाही. फलंदाजाने बॅट अर्धवट फिरवली, मुख्य पंचाने चौथा ‘बॉल’ दिला (म्हणजे फलंदाजाला पहिला बेस फुकट), कॅचरने दाद मागितली आणि बेसवरच्या पंचाने तो स्ट्राइक ठरवला, तरी चेंडू जिवंतच असतो. ‘बॉल’ ऐकून निर्धास्तपणे पुढच्या बेसकडे चालत निघालेल्या धावपटूला कॅचर चेंडू फेकून बाद करवू शकतो. निर्णय फिरू शकतो हे धावपटूने गृहीत धरून सावध राहावं, एवढंच नियमाचं म्हणणं.