टीडीएस तेवढाच, मग कोळशाने केलं काय?

असे व्हिडिओ सारखे दिसतात. कार्बन फिल्टरच्या आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी, दोन्हीत टीडीएस मीटर बुडवायचा, आकडा जवळपास सारखाच येतो आणि मग निकाल लागतो की फिल्टर बोगस. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण तो मीटर मोजतो पाण्यातून वीज किती वाहते ते, म्हणजे विरघळलेले क्षार, आणि कोळसा क्षारांच्या वाटेला जातच नाही. त्याचं काम वेगळंच आहे आणि ते फार सुंदर आहे.

बऱ्याच जणांना वाटतं कोळसा म्हणजे बारीक भोकांची गाळणी. थोडाफार गाळ अडतो त्यात, पण खरी गोष्ट अधिशोषणाची. स्पंज पाणी आत ओढून घेतो ते शोषण, आणि एखाद्या पृष्ठभागावर रेणू येऊन चिकटतात ते अधिशोषण. म्हणजे सगळा खेळ पृष्ठभागाचा. एक सेंटिमीटरचा घन घ्या, त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ 6 चौरस सेंटिमीटर. तोच घन कापून एक मिलिमीटरचे हजार तुकडे केले की 60 होतं, आणि कापत कापत एक नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत गेलात तर तेवढ्याच वस्तूचं क्षेत्रफळ 6000 चौरस मीटर! वस्तू वाढली नाही, फक्त आतला भाग उघडा पडला.

फिल्टरमधल्या कोळशात, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये हेच करतात, फक्त तुकडे न करता आतून पोखरतात. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा कमी हवेत तापवून आधी साधा कोळसा करायचा, मग 800 ते 1000 अंशांना त्याच्यावर वाफ सोडायची. वाफ कार्बनशी रिॲक्शन करते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन उडून जातात आणि मागे राहतात भोकं, मोठ्या भोकात लहान भोकं, त्यांच्या आत दोन नॅनोमीटरहून अरुंद भेगा. एका ग्रॅमला साधारण 1000 चौरस मीटर पृष्ठभाग सहज मिळतो. ग्रॅफाइटचा प्रत्येक थर सुटा करून दोन्ही बाजू मोजल्या तरी ग्रॅमला 2600 च्या आसपासच येतं, म्हणजे जेवढं शक्य आहे त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त आपण नुसत्या वाफेने मिळवलं!

आता रेणू तिथे चिकटतात ते कशामुळे? व्हॅन डर वाल्स बल, अणूंमधली क्षीण ओढ. एका सपाट भिंतीवर ती फार नसते, पण अरुंद भेगेत दोन्ही भिंती एकाच वेळी ओढतात म्हणून पकड घट्ट बसते. त्यात पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, बेंझीन, बरीच कीटकनाशकं किंवा पाण्याला मातकट वास देणारं जिऑस्मिन असे पाण्याशी न जमणारे रेणू त्यांना मधे नको असतात, आणि ते रेणू कोळशाकडे ढकलले जातात. मिठाच्या आयनांचं, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचं उलट आहे, पाणी त्यांना चारी बाजूंनी घेरून बसतं, त्यामुळे ते कशाला सोडून जातील? म्हणून क्षार, नायट्रेट, फ्लोराइड साध्या कार्बनमधून जवळपास तसेच पुढे जातात.

क्लोरीनचं आणखी वेगळं. ते नुसतं चिकटत नाही, कार्बनशी रिॲक्शन होऊन त्याचं क्लोराइड बनतं. वास गेला, चव सुधारली, पण क्लोराइड हा आयनच, मीटर तोही मोजतो, म्हणून त्याचा आकडा काही खाली येणार नाही.

कोळसा रंग शोषतो हे टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने 1785 मध्येच पाहिलं होतं, तेव्हा यात नवीन चमत्कार काही नाही. त्यामुळे कोळशाचं डिटॉक्स ड्रिंक वगैरे जे विकतात त्यापासून लांब राहा. विषबाधेत डॉक्टर ॲक्टिव्हेटेड चारकोल देतात हे खरं, पण तो विष आणि औषध यात फरक करत नाही, तुमची रोजची गोळीही धरून ठेवू शकतो.

जंतूंबद्दल मात्र नीट लक्षात घ्या. बॅक्टेरिया साधारण हजार नॅनोमीटरचा, दोन नॅनोमीटरच्या भेगेत तो शिरणार कसा? उलट क्लोरीन निघून गेलेलं आणि कोळशावर सेंद्रिय खाद्य चिकटलेलं, तिथे तो मजेत वाढतो. म्हणून दूषित पाण्यासाठी नुसता कार्बन पुरत नाही, त्याच्या जोडीला यूव्ही, उकळणं असं काहीतरी हवंच.

आणि जागा भरते. पाणी जोरात सोडलं तर रेणूंना आतल्या भेगांपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही, आणि सावकाश सोडलं तरी कधीतरी भिंती भरतातच. गरम पाण्याने धुऊन किंवा उन्हात वाळवून त्या मोकळ्या होत नाहीत, कारखान्यात पुन्हा 800 अंशांच्या आसपास तापवावं लागतं. क्लोरीनचा वास परत यायला लागला तर कार्ट्रिज संपलं हे नाकाला कळतं, पण कीटकनाशक सुटून आलं तर ना नाकाला कळत ना टीडीएस मीटरला, म्हणून कार्ट्रिजवर जेवढे लिटर लिहिलेत तेवढे झाले की ते बदला, पाणी कितीही स्वच्छ दिसत असलं तरी.