लेनीचा शेवट आणि ‘दयामरण’ या शब्दाची पार्श्वभूमी

१९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑफ माइस अँड मेन’ या जॉन स्टाइनबेकच्या कादंबरीच्या शेवटी जॉर्ज हा फिरता शेतमजूर कामावरच्या आपल्या मतिमंद सोबत्यावर, लेनीवर, गोळी झाडतो. ते कृत्य नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे का, यावर मराठीत चर्चा निघाली की ‘दयामरण’ आणि ‘इच्छामरण’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि वादाचा बराचसा गुंता तिथेच होतो.

इच्छामरण हा शब्द भीष्माच्या वरापासून आपल्या परिचयाचा आहे आणि त्यात मरणाऱ्याची इच्छा प्रधान असते. जैन सल्लेखनेवर, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवण्याच्या व्रतावर, २०१५ साली राजस्थानात न्यायालयीन बंदी आली व त्याच महिन्यात तिला स्थगिती मिळाली, तेव्हाही वाद व्रत घेणाऱ्याच्या इच्छेभोवतीच होता. दयामरणात मात्र दया करणारा दुसराच कोणी असतो. मराठवाड्यात दीर्घ दुखण्यातून माणूस गेला की ‘सुटला बिचारा’ म्हणतात. ‘सोडवला’ असे कोणी म्हणत नाही, कारण त्या क्रियापदाला लगेच कर्ता लागतो. जॉर्ज हा असा कर्ता आहे.

कादंबरी लिहिली गेली त्या काळात हा प्रश्न युरोपात तापलेला होता. इंग्लंडमध्ये स्वेच्छेच्या दयामरणाचे विधेयक १९३६ मध्ये वरिष्ठ सभागृहाने फेटाळले, आणि १९३९ पासून जर्मनीत ‘दयेचा मृत्यू’ याच नावाखाली मानसिक रुग्णांची व अपंगांची सरकारी हत्या सुरू झाली. लेनीसारख्या मतिमंद माणसाबाबत हा शब्द वापरताना हा इतिहास विसरता येत नाही.

आपल्याकडचा कायदा अलीकडे, पण वेगाने बदलला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात बसत नाही असे ठरवले; २०११ मध्ये मुंबईच्या एका परिचारिकेच्या प्रकरणात, तिच्यापुरती परवानगी नाकारतानाच, उपचार थांबवण्याची वाट काटेकोर अटींवर खुली केली; २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. या साऱ्यात परवानगी आहे ती उपचार काढून घेण्याची. स्वतःच्या हाताने मारणे आजही गुन्हाच आहे, आणि मरणाऱ्या प्रौढाची संमती असली तरी त्या गुन्ह्याची तीव्रता फक्त कमी होते.

लेनीला असाध्य आजार नव्हता आणि त्याने मरणही मागितले नव्हते. तो नदीपलीकडे पाहत, त्या दोघांच्या स्वप्नातल्या जमिनीच्या तुकड्याकडे आत्ताच जाऊ या, असा हट्ट धरत होता. जॉर्जच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच, पण ते थोडे नाही, की लेनीच्या हातून नकळत एक बाई मेल्यामुळे त्याच्या मागावर असलेला जमाव त्याला हालहाल करून मारणार होता, आणि त्यातून वाचला असता तरी आयुष्यभराची कोठडी होती. बीडकडच्या, मुकादमाची उचल घेऊन दरवर्षी कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतल्या वाचकाला ही कोंडी समजावून सांगावी लागत नाही. सोबत्यावाचून कामावर माणूस किती एकटा पडतो हे त्याला ठाऊक असते.

त्याच कादंबरीत म्हातारा कुत्रा दुसऱ्याने मारल्यावर त्याचा मालक जॉर्जला सांगतो, की त्याला मीच गोळी घालायला हवी होती. हात कोणाचा असावा, एवढाच प्रश्न त्याच्यासमोर होता. मारावे की नाही, हे बाकीच्यांनी आधीच ठरवून टाकले होते.