जुन्या क्लायंटमध्ये नवे चेहरे : ३.३.५ए वर एचडी मॉडेल बसवताना

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या माणसाचं किंवा ऑर्कचं अख्खं शरीर हजारभर त्रिकोणांत बसवलेलं असे. नाकाची धार, भुवया, पोटावरचे स्नायू यांतलं बरंचसं आकारात नव्हतंच, ते कातडीच्या चित्रात रंगवलेलं होतं. दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०१४ च्या ६.०.२ आवृत्तीत पात्रं नव्याने घडवली गेली. त्रिकोण कित्येक पटींनी वाढले, सांगाड्यात हाडं वाढली, चेहऱ्यावर भाव उमटू लागले. ब्लड एल्फ हा वंश राहिला होता, तो फेब्रुवारी २०१५ मध्ये ६.१ मध्ये आला.

पण अनेकांचा जीव अडकलेला आहे तो २०१० च्या ३.३.५ए मध्ये, म्हणजे १२३४० क्रमांकाच्या बिल्डमध्ये. त्या क्लायंटमध्ये, म्हणजे खेळाडूच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दहा वंश आहेत, प्रत्येकाचे पुरुष आणि स्त्री मिळून वीस मॉडेल. ही वीस मॉडेल नव्या, म्हणजे एचडी रूपात बसवता येतात. मात्र 'जुनी फाइल काढली, नवी टाकली' इतकं ते सरळ नाही. २०१० च्या प्रोग्रॅमला २०१४ ची फाइल वाचता येत नाही आणि आपण तो प्रोग्रॅम बदलत नाही. म्हणून सगळी मेहनत फाइलवर घ्यायची असते : नवं मॉडेल जुन्या क्लायंटला समजेल अशा रूपात उतरवायचं.

हे ३.३.५ए मध्ये जमतं आणि २००६ च्या १.१२ मध्ये फार जड जातं, त्याला कारण आहे. या गेमची मॉडेल 'एम२' नावाच्या स्वरूपात असतात. १.१२ मध्ये सगळ्या हालचाली एकाच लांबलचक काळपट्टीवर एकामागून एक ठेवलेल्या होत्या आणि त्रिकोणांची यादीही त्याच फाइलमध्ये होती. २००८ च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग' या विस्तारात हे बदललं, आणि ३.३.५ए याच विस्तारातली. प्रत्येक हालचालीला स्वतःची काळपट्टी मिळाली आणि त्रिकोणांची यादी '.स्किन' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये गेली. (नावावर जाऊ नका, या फाइलचा कातडीच्या चित्राशी संबंध नाही.) हीच रचना पुढे २०१४ पर्यंत थोड्याफार फरकाने टिकली. त्यामुळे ६.१ किंवा ६.२ मधली मॉडेल मूळ म्हणून घेणं सर्वांत सोयीचं. त्यानंतर २०१६ मध्ये सगळी फाइल 'एमडी२१' या वेष्टनात गुंडाळली गेली, आणि ७.३ पासून काही मॉडेलचा सांगाडासुद्धा वेगळ्या '.स्केल' फाइलमध्ये गेला. उशिराच्या आवृत्तीतून मॉडेल उचललं तर काम विनाकारण दुप्पट होतं.

हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या साधनात, फाइल उघडली की पहिली चार अक्षरं 'एमडी२०' दिसतात. लगेच पुढचे चार बाइट म्हणजे आवृत्ती. ३.३.५ए ला २६४ हवी असते, म्हणजे ०८ ०१ ०० ००. नव्या फाइलमध्ये २७२ असते, म्हणजे १० ०१ ०० ००. एवढा एक बाइट बदलला की साधी मॉडेल खरोखर चालतात, आणि म्हणूनच पुष्कळ जण इथेच थांबतात आणि फसतात. ज्या मॉडेलमध्ये धूर, ठिणग्या, चमक असे कण आहेत तिथे हा उपाय कोलमडतो. जुन्या स्वरूपात एका कणस्रोताची नोंद ४७६ बाइटची असते, नव्यात ४९२ ची. क्लायंट ४७६ मोजून पुढच्या नोंदीकडे जातो, तिथे १६ बाइट आधीच पोहोचतो आणि कचरा वाचून बंद पडतो. कणस्रोत काढून टाकायचे किंवा प्रत्येक नोंद पुन्हा ४७६ ची करायची, असे दोनच मार्ग. 'मल्टिकन्व्हर्टर'सारखी साधनं हे करतात, पण रूपांतर झाल्यावर आवृत्तीचा बाइट आणि कणस्रोतांची संख्या स्वतः पाहून घ्यावी.

दुसरी अडचण हालचालींच्या क्रमांकांची. चालणं, पोहणं, मासेमारी, प्रत्येक हालचालीला एक क्रमांक असतो आणि ३.३.५ए ची यादी ५०५ वर संपते. नव्या मॉडेलमध्ये पुढच्या विस्तारांसाठी भर घातलेल्या हालचाली असतात, त्यांचे क्रमांक त्यापुढचे. जुन्या क्लायंटच्या तक्त्यात ती ओळच नसते. म्हणून ५०५ च्या वरचे सगळे क्रमांक काढायचे, आणि ज्या हालचालींचा डेटा बाहेरच्या '.अ‍ॅनिम' फाइलमध्ये आहे त्या फाइली बरोबर घ्यायच्या. या फाइलींची नावं मॉडेलच्या नावावरून बनतात. मॉडेलचं नाव बदललं आणि त्यांचं बदलायला विसरलं तर पात्र उभं नीट राहतं, पण एखाद्या हालचालीला ताठ होऊन जमिनीवरून घसरत जातं.

हाडांचं गणितही पाहून घ्यावं. एम२ मध्ये एका शिरोबिंदूची नोंद ४८ बाइटची असते : जागेसाठी १२, चार हाडांचा भार ४, त्या चार हाडांचे क्रमांक ४, पृष्ठाच्या दिशेसाठी १२ आणि चित्रावरच्या जागेसाठी १६. हाडाच्या क्रमांकाला एकच बाइट, म्हणून क्रमांक २५५ च्या वर जाऊच शकत नाही. त्याहून आवळ मर्यादा ग्राफिक्स कार्डाच्या बाजूने येते. डायरेक्टथ्रीडी ९ या विंडोजच्या चित्रण-प्रणालीत शेडरला, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, २५६ खण मिळतात आणि एका हाडाला ३ लागतात. म्हणजे मॉडेलच्या एका तुकड्यात ८५ हाडंसुद्धा बसत नाहीत, कारण कॅमेरा आणि प्रकाश यांचे आकडे त्याच खणांत ठेवायचे असतात. नव्या चेहऱ्यात हाडांची गर्दी असते. एखादा तुकडा मर्यादेबाहेर गेला तर त्वचेचे लांब पट्टे ताणले जाऊन पायाशी किंवा आकाशात गेलेले दिसतात. तो तुकडा दोन भागांत कापणं हाच त्यावरचा इलाज.

आता चेहरा. सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो, आणि घाईघाईत केलेलं काम ओळखू येतं तेही इथेच.

क्लायंट पात्राची कातडी, अंतर्वस्त्रं, चिलखत, हातमोजे ही सगळी चित्रं एका चौकोनी पानावर चिकटवतो आणि ते पान शरीराला गुंडाळतो. शिंपी एका कापडावर बाही, पाठ, कळी बेततो तशी या पानावर प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली आहे. २५६ × २५६ च्या पानावर डाव्या अर्ध्यात वरून दंड, मग हाताचा खालचा भाग, मग पंजा, आणि तळाशी चेहरा. चेहऱ्याच्या वरच्या पट्टीला १२८ × ३२ आणि खालच्या पट्टीला १२८ × ६४ एवढीच जागा. उजव्या अर्ध्यात धड, पाय आणि पावलं. नव्या मॉडेलचं पान मात्र १०२४ × ५१२ चं आहे. डाव्या ५१२ च्या चौकोनात शरीर जुन्याच क्रमाने, आणि उजवा ५१२ चा चौकोन अख्खा चेहऱ्याला. जुन्या क्लायंटला हा उजवा चौकोन ठाऊकच नाही. नवं मॉडेल जसंच्या तसं टाकलं तर चेहऱ्यावर मांडी आणि पावलं रंगलेली दिसतात, कारण मॉडेल पानाच्या उजव्या अर्ध्यात चेहरा शोधतं आणि तिथे जुन्या मांडणीतले पाय असतात.

म्हणून मॉडेलमधले चित्रावरचे निर्देशांक बदलावे लागतात. आडवा निर्देशांक ०.५ पेक्षा कमी, म्हणजे शरीर : आडव्याची दुप्पट करायची, उभा तसाच ठेवायचा. आडवा ०.५ ते १, म्हणजे चेहरा : आडव्यातून ०.५ वजा करायचे, आणि उभ्याला ०.३७५ ने गुणून त्यात ०.६२५ मिळवायचे. हे आकडे पानाच्या मापांतूनच येतात. चेहऱ्याची जागा वरून १६० व्या ओळीला सुरू होते, १६० भागिले २५६ म्हणजे ०.६२५. तिची उंची ९६, म्हणून ०.३७५. हा बदल फक्त कातडीचं पान वापरणाऱ्या तुकड्यांना लावायचा. एम२ मध्ये प्रत्येक चित्राला प्रकार असतो : १ म्हणजे कातडी, २ म्हणजे पाठीवरच्या केपसारखी वस्तू, ६ म्हणजे केस. सरसकट सगळ्या शिरोबिंदूंना सूत्र लावलं की केसांवर कपाळ येतं.

त्यानंतर चित्रं. क्लायंटला मोठं पान बनवायला लावायचं असेल तर 'कॉन्फिग.डब्ल्यूटीएफ' फाइलमध्ये कंपोनंटटेक्श्चरलेव्हल ९ करायचं, म्हणजे पान ५१२ × ५१२ होतं. त्या पानावर चेहऱ्याला २५६ × १९२ मिळतात. मूळ ५१२ × ५१२ चं चेहऱ्याचं चित्र तेवढं लहान करून वरची २५६ × ६४ ची पट्टी एका फाइलमध्ये आणि खालची २५६ × १२८ ची दुसऱ्या फाइलमध्ये कापायची. पिक्सेल पाचपटींहून थोडे जास्तच कमी होतात. त्यामुळे ३.३.५ए वरचा चेहरा मूळ गेमइतका रेखीव येणार नाही. आकार नवा, रंगकाम थोडं मऊ, ही तडजोड पत्करावीच लागते. पापण्या आणि ओठांची कड लहान करताना पुसट होते, तिथे हाताने पुन्हा रेघ दिली तर फार फरक पडतो.

कुठलं चित्र कुणाला लावायचं हे 'कॅरसेक्शन्स.डीबीसी' या तक्त्यात असतं. त्यातला विभागाचा रकाना नीट पाहावा : ० कातडी, १ चेहरा, २ दाढीमिशी, ३ केस, ४ अंतर्वस्त्रं. नव्या तक्त्यात याच गोष्टी एचडी रूपासाठी ५ ते ९ या क्रमांकांनी पुन्हा लिहिलेल्या आहेत. नव्या ओळी घेताना प्रत्येकातून ५ वजा करायचे आणि वंश, लिंग, रंग यांचे क्रमांक जुन्या तक्त्याशी जुळवून घ्यायचे. सर्व्हर पात्राचा चेहरा 'तिसरा', केस 'सातवे' असे नुसते आकडे साठवतो. क्रम हलला तर खेळाडूला त्याचंच पात्र अनोळखी दिसतं. केसांचा आकार 'कॅरहेअरजिओसेट्स.डीबीसी'मध्ये असतो, तोही याच नजरेने तपासावा. मॉडेलमध्ये जुन्या क्लायंटला माहीत नसलेले जिओसेट, म्हणजे दाखवता-लपवता येणाऱ्या भागांचे गट असतील, उदाहरणार्थ २००० च्या पुढचे, तर ते काढावे किंवा जुन्या क्रमांकात मिसळावेत.

मॉडेल गेममध्ये आणायचे दोन रस्ते आहेत. जुन्याच नावाने नवी फाइल ठेवली तर तक्त्यात मॉडेलला हात लावावा लागत नाही. पण गावातले पहारेकरी आणि दुकानदारही तेच मॉडेल वापरतात आणि त्यांची कातडी 'बेक्डएनपीसीटेक्श्चर्स' फोल्डरमध्ये आधीच एका चित्रात भाजून ठेवलेली असते, जुन्या रंगकामाची. नव्या नाकावर जुनं रंगवलेलं नाक बसतं आणि चेहरा वाकडा दिसतो. म्हणून दुसरा रस्ता बरा. 'क्रीचरमॉडेलडेटा.डीबीसी'मध्ये नवी ओळ घालायची, तिच्यात ह्यूमनमेल_एचडी असं नवं नाव द्यायचं, आणि फक्त खेळाडूची नोंद तिच्याकडे वळवायची. मानव पुरुषाच्या या नोंदीचा डिस्प्ले क्रमांक ४९, स्त्रीच्या ५०. बाकीची वस्ती जुन्या मॉडेलवर सुखरूप राहते. या रकान्यात फाइलचा शेवट '.एमडीएक्स' असाच लिहायचा. तो 'वॉरक्राफ्ट ३'च्या काळापासून चालत आलेला आहे आणि क्लायंट स्वतःच त्याचं एम२ करून घेतो. या मार्गाने कॅरसेक्शन्समधली चित्रं बदलल्याचा परिणाम, भाजलेलं चित्र नसलेल्या एखाद्या एनपीसीवर, म्हणजे संगणक चालवत असलेल्या पात्रावर, होऊ शकतो. असे मोजकेच असतात.

शेवटी या सगळ्या फाइलींचं एमपीक्यू नावाचं गाठोडं बांधायचं. लॅडिकच्या एमपीक्यू एडिटरने नवी एमपीक्यू फाइल करताना फाइलींची कमाल संख्या सुरुवातीलाच मोठी द्यावी, वीस मॉडेलच्या चित्रांसह ती हजारोंत जाते. मॉडेल आणि चित्रं 'डेटा' फोल्डरमधल्या पॅच-४ ते पॅच-९ किंवा पॅच-ए अशा नावाने. शेवटी एकच अक्षर किंवा अंक हवा, पॅच-१० नाव दिलं तर क्लायंट ती फाइल पाहतच नाही. डीबीसी तक्ते भाषेच्या फोल्डरमध्ये, म्हणजे डेटा\एनयूएस मध्ये, पॅच-एनयूएस-४ अशा नावाने. आतले फोल्डर मूळ गेमसारखेच हवेत.

काय चुकलं ते पडदाच सांगतो. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा ठोकळा दिसला तर मॉडेलच्या फाइलची वाट (पाथ) चुकली आहे. भडक हिरवा रंग आला तर चित्राची. पात्र निवडायच्या पडद्यावरच 'एरर #१३२' येऊन क्लायंट बंद पडला तर आवृत्ती, कणस्रोत किंवा ५०५ वरची हालचाल तपासावी. तोच एरर तासभर खेळल्यावर, गर्दीच्या शहरात आला तर दोष बहुधा मॉडेलचा नसतो, मेमरी संपलेली असते. हा ३२ बिटचा प्रोग्रॅम २ जीबीच्या पुढे जात नाही. ईएक्सई फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत (हेडरमध्ये) मोठ्या पत्त्यांसाठीचा ०एक्स२० चा बिट चालू केला की ६४ बिट विंडोजवर त्याला ४ जीबी मिळतात. मूळ ईएक्सईची प्रत आधी काढून ठेवा. आणि बदललेला क्लायंट अधिकृत सेवेवर नेऊ नका, ते तिथल्या अटींच्या विरुद्ध आहे. मॉडेलचा हक्क मूळ कंपनीचाच असल्यामुळे काढलेल्या फाइली इतरांना वाटणंही टाळावं.

एका वेळी एकच मॉडेल बसवून पाहावं, आणि तपासताना नुसतं चालवू नये. पात्राला बसवावं, पोहायला लावावं, घोड्यावर चढवावं, शिरस्त्राण घालून काढावं, झगा घालून पळवावं. केस शिरस्त्राणातून बाहेर येत असतील तर 'हेल्मेटजिओसेटव्हिसडेटा.डीबीसी'कडे पाहायचं. झग्याखालून पाय डोकावत असतील तर १३०० च्या गटातला जिओसेट चुकलाय.