समुद्रातून तेल वाहणारा रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा का असतो?

शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपल्या मुंबईत नरिमन पॉइंटला ऑफिस असलेली सरकारी जहाज कंपनी, २ ऑक्टोबर १९६१ ला ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोन सरकारी कंपन्या एकत्र करून सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे फक्त १९ जहाजं होती. जहाजांची नावं बघितली तरी साधारण कळतं कुठलं काय वाहतं, 'देश' असलं की बहुतेक क्रूड ऑइलचा टँकर आणि 'विश्व' असलं की कोळसा, खनिज, धान्य वाहणारं बल्क कॅरिअर. आणि १९८० च्या दशकात तर या कंपनीने १५ टँकरना परमवीर चक्र मिळवणाऱ्या जवानांची नावं दिली होती, त्यात आपले रामा राघोबा राणेही होते, हे वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं.

या कंपनीचे सगळ्यात मोठे टँकर म्हणजे 'देश वैभव', 'देश विराट' वगैरे. लांबी साधारण ३३० मीटर, रुंदी ६० मीटर, आणि पोटात तीन लाख टनांच्या आसपास तेल. पूर्ण भरला की टँकरचा तळ पाण्याखाली २० मीटरच्याही खाली जातो, साध्या जेट्टीला तो लागूच शकत नाही, म्हणून कच्छच्या आखातात वाडीनारला किनाऱ्यापासून लांब समुद्रात एक मोठा तरंगता बोया असतो त्याला बांधून तेल पाइपने किनाऱ्यावर घेतात.

आता आपल्याला वाटतं तेल उतरलं, टेन्शन संपलं. उलट खरी काळजी तिथूनच सुरू होते.

पहिला प्रश्न वजनाचा. तीन लाख टन उतरल्यावर जहाज एवढं वर येतं की जहाज पुढे ढकलणारा मागचा पंखा (प्रोपेलर) पाण्याबाहेर डोकावायला लागतो आणि वारा त्या उंच भिंतीला ढकलत नेतो. म्हणून दुहेरी हलच्या, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या आणि आतल्या भिंतीच्या, मधल्या जागेत समुद्राचं पाणी भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. तेही अर्धवट भरून चालत नाही, परातीत पाणी घेऊन चालून बघा, एकदा हिंदकळलं की सगळं एकाच बाजूला धावतं आणि परात हातातून निसटते, जहाजाचंही तसंच होतं म्हणून टाक्या लहान लहान भागांत विभागलेल्या असतात आणि शक्यतो काठोकाठ भरतात.

दुसरा प्रश्न जास्त भयंकर. तेल गेलं तरी त्याची वाफ टाकीत राहते, आणि भरलेल्या टाकीत हवेला फारशी जागाच नसते पण रिकाम्या टाकीत हवा शिरली की वाफ आणि ऑक्सिजन दोन्ही एकत्र, फक्त एक ठिणगी कमी. डिसेंबर १९६९ मध्ये जगातल्या तीन मोठ्या टँकरवर एकाच महिन्यात टाक्या धुताना स्फोट झाले. ठिणगी आली कुठून? जोरात मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्यातून तयार झालेली स्थिर वीज, असाच निष्कर्ष निघाला. पाण्याने आग लागू शकते हे मला अजूनही पटकन पचत नाही!

उपाय मात्र जहाजावरच होता. बॉयलरच्या धुरात ऑक्सिजन जवळजवळ जळून गेलेला असतो, तो धूर समुद्राच्या पाण्याने धुवून, थंड करून टाकीत सोडायचा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तो ११ च्या खाली गेला की तेलाची वाफ पेटतच नाही, आणि नियम म्हणतो टाकीत ८ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. याला इनर्ट गॅस म्हणतात.

पण जो गॅस आग लागू देत नाही तो माणसालाही श्वास घेऊ देत नाही. टाकीच्या तपासणीसाठी कोणी आत उतरणार असेल तर आधी इनर्ट गॅसनेच तेलाची वाफ बाहेर ढकलतात, मग पंख्यांनी तासन् तास ताजी हवा, मग मीटरची नळी वर, मध्ये, तळाशी सोडून रीडिंग. तिन्ही ठिकाणी ऑक्सिजन २०.९ आला की मगच एक जण शिडीवर पाय ठेवतो, आणि दुसरा वरच्या तोंडाशी उभा राहतो, खालचा माणूस परत वर येईपर्यंत तिथून हलत नाही.