ओपॅसिटी की फ्लो?

फोटोशॉपमध्ये ब्रश घेतला की वरच्या पट्टीत हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. कुठलाही कमी केला तरी रंग फिकटच पडतो, त्यामुळे पुष्कळ जण दोन्ही एकच धरून चालतात.

ओपॅसिटी म्हणजे एका फटकाऱ्याची कमाल मर्यादा. ती 50 वर ठेवा आणि टॅबलेटचं पेन न उचलता एकाच जागी कितीही घासा, रंग 50 टक्क्यांच्या वर चढणार नाही. पेन उचलून पुन्हा टेकवलं की 75, मग 87.5. दर वेळी उरलेल्याच्या निम्मं.

फ्लोचा हिशेब फटकाऱ्याचा नाही, ठशाचा. ब्रशची रेघ म्हणजे एकमेकांवर पडत जाणारे ठसे, आणि एकेक ठसा किती रंग सोडणार ते फ्लो ठरवतो. म्हणून फ्लो 10 ची रेघ 10 टक्के दिसत नाही. कडक गोल ब्रश, स्पेसिंग (दोन ठशांमधलं अंतर, ब्रशच्या रुंदीच्या हिशेबात) 10 टक्के, ओपॅसिटी 100, पेनचा दाब बंद: रेघेच्या मध्यावर साधारण दहा ठसे पडतात आणि रंग 65 टक्क्यांच्या आसपास पोचतो. (ब्रश बदलल्यावर फ्लो ‘बिघडला’ असं वाटतं ते यामुळेच. स्पेसिंग बदललेलं असतं.)

आता पितळी तांब्या रंगवायचाय. पोटाच्या गोलाईवर उजेडातून सावलीत जाताना मी मऊ ब्रश घेते, ओपॅसिटी 100, फ्लो 10-15, आणि पेन न उचलता मागेपुढे फिरवते. जोड दिसत नाही. हेच कमी ओपॅसिटीने केलं तर प्रत्येक उचलीगणिक पट्टा उमटतो. तांब्याची जमिनीवरची सावली मात्र सपाट हवी. तिथे ओपॅसिटी 60, फ्लो 100 आणि एका दमात फटकारा. मध्येच पेन उचललंत तर जिथे दुसरा फटकारा चढेल तिथे डाग पडलाच.

पहिले ठोकळे, म्हणजे रंगांचे ढोबळ मोठे आकार, मांडताना दोन्ही 100. माझा हट्ट म्हणा हवं तर. सुरुवातीलाच अर्धपारदर्शक रंग चढवले की आपण न निवडलेल्या छटा कॅनव्हासभर होतात, पुढे आयड्रॉपर (चित्रातला रंग उचलायचं साधन) त्याच उचलतो आणि चित्र मातकट होतं. स्वतःची पद्धत बसेपर्यंत एका टप्प्यात एकच आकडा हलवावा, दुसरा बांधून ठेवावा.

कीबोर्डवर आकड्याची कळ दाबली की ओपॅसिटी बदलते, शिफ्टसह दाबली की फ्लो. ब्रशचा एअरब्रश हा पर्याय चालू असेल तर उलट. फोटोशॉपऐवजी क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आधी ब्रशचा पेंटिंग मोड बघावा. तो ‘बिल्ड-अप’वर असेल तर ओपॅसिटीही एकाच फटकाऱ्यात साचत जाते, आणि वरचा 50-75 चा हिशेब तिथे लागू होत नाही.