मोदकाच्या कळ्या आणि डब्याच्या सुरकुत्या

गणपतीत कोकणातल्या घराघरांत मोदकाच्या पारीला कळ्या पाडतात, त्या केवळ शोभेसाठी नव्हेत. सपाट पारी वाटीसारखी उचलून तोंडाशी आवळायची म्हटली की कडेचा घेर जास्तीचा ठरतो आणि तो कुठेतरी दुमडावाच लागतो. पत्र्याच्या चकतीपासून डबा ओढून काढताना हाच प्रश्न येतो. २० सेंटीमीटर व्यासाच्या चकतीचा घेर सुमारे ६३ सेंटीमीटर असतो. तिचा ११ सेंटीमीटर व्यासाचा डबा करायचा, तर तो घेर ३५ सेंटीमीटरांत मावला पाहिजे. पत्रा दुमडला की सुरकुत्या पडतात. म्हणून चकतीची कड एका कड्याखाली दाबून धरतात आणि मधल्या भागाला पंच, म्हणजे वरून दाबणारा ठोकळा, डायच्या, म्हणजे खालच्या साच्याच्या, भोकात उतरवतो. दाब योग्य असेल, तर जादा धातू न दुमडता आत सरकतो आणि सहा सेंटीमीटरांहून थोडी उंच भिंत उभी राहते.

दाब फार झाला, तर मात्र कड जागची हलत नाही, पंच खाली जातच राहतो आणि पत्रा फाटतो. ही चीर तळ आणि भिंत जोडणाऱ्या गोलाईच्या किंचित वर पडते, कारण तिथला धातू आधीच पातळ झालेला असतो आणि सगळी ओढ त्यालाच पेलावी लागते. सुरकुती आणि चीर यांच्यामधली ही अरुंद वाट सापडणे, हीच मला या कामातली खरी कारागिरी वाटते. एवढे साधूनही डब्याच्या तोंडाला बहुधा चार उंचवटे येतात, ज्यांना ‘कान’ म्हणतात. लाटलेल्या पत्र्यातील स्फटिकांना दिशा असल्याने तो सगळीकडे सारखा ताणला जात नाही. हे कान कापून टाकतात.

खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची रीत मालवणकडच्या शिरवाळ्यांची, म्हणजे तांदळाच्या शेवयांची, आहे. उकडलेला गोळा गरम असतानाच साच्यातून दाबावा लागतो, निवला तर तार तुटते. जोसेफ ब्रामा यांनी १७९७ साली इंग्लंडमध्ये शिशाचे नळ याच तत्त्वावर काढण्याचे पेटंट घेतले. ॲल्युमिनियमचा दंडगोल ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून डायमधून रेटतात. घाई केली, तर घर्षणाची आणि धातूचा आकार बदलताना निघणारी उष्णता साठते, पृष्ठभाग वितळण्याच्या जवळ जातो आणि आडव्या भेगा पडतात. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर अशा भेगांत क्षारयुक्त ओल टिकून राहते आणि धातू तिथूनच खाल्ला जाऊ लागतो.

दुसरा दोष आतला असतो. दंडगोलाच्या पाठीवरची ऑक्साइडची साय शेवटी शेवटी मध्यभागाकडे ओढली जाते आणि पट्टीच्या पोटात नळीसारखी पोकळी किंवा मळाची रेघ राहते, जी बाहेरून दिसतच नाही. म्हणून दंडगोल पूर्ण दाबून संपवत नाहीत. शेवटचा तुकडा कापून पुन्हा भट्टीत वितळवायला पाठवतात.