जायपत्री आणि रामपत्री: सख्ख्या नव्हे, चुलत बहिणी

मे महिन्यात वाशीच्या मसाला मार्केटमधून वर्षाच्या मसाल्याचं सामान आणलं. ठाण्यात मसाला कुटायच्या डंखावरच्या मावशींनी जायपत्रीची पुडी उघडली, एक पाकळी बोटांत चुरून नाकाला लावली आणि म्हणाल्या, "ताई, ही रामपत्री दिली हो तुम्हाला."

दिसायला दोन्ही सारख्याच: बियांवरची वाळलेली जाळी. जायपत्री जायफळाच्या कवचाला पंजा मारल्यासारखी चिकटलेली असते. फळ उकलतं तेव्हा लालभडक, वाळली की पिवळट-केशरी आणि ठिसूळ. रामपत्रीचं झाड त्याच कुळातलं, पण आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलातलं. तिच्या पट्ट्या अरुंद, रंग गडद तांबडा, वास नावापुरता. परदेशी बाजारात तिला 'बॉम्बे मेस' म्हणतात (मेस म्हणजे जायपत्री). म्हणजे भेसळीच्या मालालाही नाव मिळालं ते आपल्या मुंबईचंच!

तशी रामपत्री टाकाऊ नाही. बिर्याणीत, मसाल्यात तीही पडते. फक्त तिला जायपत्रीचा भाव लावू नये.

त्या भावापायी माणसं मेली आहेत. जायफळ आणि जायपत्री एकाच झाडाची, आणि ते झाड कित्येक शतकं इंडोनेशियातल्या इवल्याशा बांदा बेटांवरच पिकायचं. तिथून जावा, गुजरात, अरबस्तान करत माल युरोपात पोचेपर्यंत किंमत कुठल्या कुठे जायची. मधले हात काढून सगळा व्यापार एकट्याने गिळायचा म्हणून डच कंपनीच्या यान कूनने १६२१ मध्ये बांदा जिंकलं. तिथल्या सुमारे १५,००० लोकांपैकी बहुतेक मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. शेजारच्या रुन बेटावर इंग्रज हक्क सांगत होते. १६६७ च्या ब्रेडा तहात त्यांनी तो सोडला आणि डचांकडून घेतलेलं मॅनहॅटन, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा गाभा, स्वतःकडे ठेवलं. तेव्हा डचांनाही हा सौदा वाईट वाटला नव्हता! पुढे १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने रोपं पळवून मॉरिशसला नेली आणि मक्तेदारीला भोक पडलं. आज कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. आपल्या कोकणातही नारळी-पोफळीच्या सावलीत ते होतं.

रामपत्रीसाठी मात्र कुणी गलबत हाकारलं नाही.

"कुटायची का?" मावशींनी विचारलं. पैसे तर दिले होते. म्हटलं, कुटा. मसाल्याला वास बेताचाच, पण रंग झकास आलाय.